झोपेत दात खात असाल तर दात आणि जबडा कसा जपावा

तुम्ही झोपेत दात खाता हे बहुतेक वेळा शेजारी झोपणाऱ्याकडूनच कळतं. करकर त्याला ऐकू येते, तुम्हाला पत्ताही नसतो. म्हणून मनाचा निग्रह करून हे थांबवण्याच्या मागे लागू नका. झोपेत स्वतःला आवरणं कुणालाच जमत नाही आणि यात तुमचा काही दोषही नाही. दात झिजू न देणं आणि जबड्यावरचा ताण उतरवणं मात्र नक्की जमतं.

१. आधी खुणा तपासा

काहीजण दात एकमेकांवर घासत नाहीत, नुसते घट्ट आवळून धरतात. त्यांचा आवाजच येत नाही. सकाळी जबडा आखडलेला असणं, कानशिलं ठणकणं, गार पाण्याने दात शिवशिवणं, जिभेच्या कडेवर दातांचे ठसे दिसणं या त्याच्या खुणा. दोन्ही गालांवर, जबड्याच्या कोपऱ्याच्या जरा वर बोटं ठेवा आणि दात आवळा. बोटांखाली स्नायूचा गोळा वर येईल. तो सगळ्यांनाच लागतो. आता दात सैल सोडून तीच जागा दाबा. सकाळी तिथे दुखत असेल, तर रात्री त्या स्नायूला विश्रांती मिळालेली नसावी.

२. डेंटिस्टला दाखवा, आणि सगळं सांगा

झिजलेलं एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, परत येत नाही, त्यामुळे दुखेपर्यंत थांबू नका. कोणती औषधं चालू आहेत तेही सांगा, कारण नैराश्यावरच्या काही गोळ्यांमुळे दात खाणं सुरू होऊ शकतं किंवा वाढू शकतं. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकणं, दिवसा पेंग येणं असं काही असेल तर तेही आवर्जून सांगा. स्लीप अ‍ॅप्नियाची, म्हणजे झोपेत मध्येच श्वास थांबण्याच्या विकाराची, तपासणी लागू शकते.

३. नाइट गार्ड नीट वापरा

नाइट गार्ड म्हणजे रात्री दातांवर बसवायचं कवच. त्याने दात खाणं थांबतंच असं नाही, पण घासायचं ते गार्डवर घासलं जातं आणि दात वाचतात. मापाने बनवलेला कडक गार्ड मला सर्वात भरवशाचा वाटतो. घरी गरम पाण्यात मऊ करून बसवायचे गार्ड नीट बसतीलच याची खात्री नसते, आणि मऊ गार्ड काहीजण उलट जास्तच चावतात. सुरुवातीला लाळ सुटते, तोंडात काहीतरी परकं वाटतं. थोडे दिवस धीर धरा. टोचत असेल तर मात्र सहन करू नका, डेंटिस्टकडून घासून घ्या. सकाळी साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो. दातांच्या तपासणीला जाताना गार्ड बरोबर न्या. त्यावरच्या घासल्याच्या खुणा पाहून डॉक्टरांना बरंच कळतं.

४. दिवसा जबडा सैल ठेवा

माझ्या मते लोक सर्वात जास्त दुर्लक्ष करतात ते इथेच. चावताना आणि गिळताना सोडलं, तर वरचे आणि खालचे दात एकमेकांना लागण्याचं कारणच नाही. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या पुढच्या दातांमागे अलगद टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची अवस्था. स्क्रीनकडे टक लावून बसल्यावर, गाडी चालवताना, कुणाचा राग गिळताना दात आपोआप आवळले जातात. रोज नजरेला पडणाऱ्या ठिकाणी एक रंगीत ठिपका चिकटवा. तो दिसला की जबडा सोडा, खांदे खाली घ्या, सावकाश श्वास सोडा. पेन चावणं आणि तासन्‌तास च्युइंगम चघळणं बंद करा.

५. संध्याकाळ हलकी ठेवा

दुपारनंतर चहा-कॉफी टाळा. दारू आणि तंबाखूने दात खाणं वाढतं. झोपण्याआधी दहा मिनिटं गालांवर ओला कोमट कपडा ठेवा आणि बोटांनी गोल गोल चोळा.

लहान मुलं दात खातात तेव्हा घाबरू नका, बहुतेकांचं वाढत्या वयात आपोआप थांबतं. दात दुखत किंवा झिजत असतील तर दाखवा.

जबडा अडकून तोंड उघडत किंवा मिटत नसेल, दाताचा तुकडा पडला असेल, तर लगेच डेंटिस्टकडे जा. जबड्याच्या दुखण्यासोबत छातीत दाब, घाम किंवा धाप असेल तर दातांचा विचार बाजूला ठेवा आणि तातडीने रुग्णालय गाठा. ते हृदयाचं दुखणं असू शकतं.