उचल कधी घेतली ते विचारा: पावसामुळे होणारं स्थलांतर गावात कसं मोजावं

बीड, धाराशिवकडच्या गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. यातले किती जण पावसानं दगा दिला म्हणून गेले, हे जनगणनेत सापडत नाही. १९९१ च्या जनगणनेत स्थलांतराच्या कारणांत दुष्काळ-पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीचा पर्याय होता. २००१ मध्ये तो वगळला. म्हणून मोजणी गावातच करावी लागते.

मोजणी दोनदा करा. पहिली पोळ्याच्या आसपास, लोक घरी असताना. दुसरी डिसेंबरात, कुलपं बघत. फक्त हिवाळ्यात गेलात तर दारात म्हातारी माणसंच भेटतात आणि आकडा अंदाजावर जातो. माणसांबरोबर कोयतेही मोजा. एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायको. सोबत नेलेली मुलं वेगळ्या रकान्यात लिहा, नाहीतर ती हिशेबातून गळतात; स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळेनं दिलेल्या शिक्षण हमी पत्रकांशी हा रकाना ताडून पाहा.

‘का जाता?’ हा प्रश्न विचारूच नका. उत्तर ठरलेलं आहे: ‘पोटासाठी.’ त्याऐवजी उचल, म्हणजे टोळी जमवणाऱ्या मुकादमानं आगाऊ दिलेली आणि पुढं तोडीतून फेडायची रक्कम, कोणत्या महिन्यात घेतली, किती घेतली आणि कशावर खर्च झाली ते विचारा. जुलैत घेतलेली उचल दुबार पेरणीच्या बियाण्यावर गेली असेल, तर पावसाचा धागा हाती लागला. लग्नात किंवा दवाखान्यात गेली असेल तर तसंच लिहा, ओढूनताणून पावसाशी जोडू नका.

पावसाचे रोजचे महसूल मंडळनिहाय आकडे कृषी विभागाच्या ‘महारेन’ या संकेतस्थळावर मिळतात. एकूण मिलिमीटर फसवे असतात. २.५ मिमीपेक्षा कमी पावसाचा दिवस कोरडा धरा आणि जून ते सप्टेंबरमधला सर्वांत लांब खंड, म्हणजे सलग कोरडे दिवस, काढा. सोयाबीनच्या शेंगा भरताना तीन आठवडे ओढ बसली, तर सरासरी गाठूनही पोती भरत नाहीत. विहिरीची पातळी दर महिन्याला सकाळी, मोटर सुरू करण्याआधी, दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंत मोजा. उपशानंतर मोजली तर पाणी उगाच खोल दिसतं.

आता सर्वांत जास्त चुकतं ते. पाऊस चांगला झाला तरी कोयते लगेच कमी होत नाहीत, कारण मागची उचल फिटलेली नसते. त्यात ऊसपट्ट्यातच दुष्काळ पडला तर हंगाम आखूड होतो, तोड कमी भरते आणि बाकी पुढच्या वर्षावर जाते. त्यामुळे यंदाचे कोयते यंदाच्या पावसाशेजारी मांडून भागत नाही. किमान पाच वर्षं शेजारी-शेजारी हवीत. घरी राहिलेले सगळे सुखात आहेत असंही धरू नका. आजारी, वयस्क, एकट्या बाईला मुकादम सहसा उचल देत नाही. त्यांची वेगळी यादी ठेवा.

तक्त्यात नावं नकोत, घरांना क्रमांक द्या. नाव-क्रमांकाची वही वेगळी, कुलपात. उचलीचे आकडे गावात फिरले तर पुढच्या वर्षी कुणी खरं सांगणार नाही.