इटलीतल्या टस्कनीत रोड सायकलचा मार्ग खडीच्या रस्त्यावर नेत असेल तर : माझा अनुभव

लक्षण असे की सिएनाच्या दक्षिणेला व्हाल दोर्चा खोऱ्यात आखलेला मार्ग डांबरी रस्ता सोडून मध्येच ‘स्त्रादे बियांके’वर, म्हणजे पांढऱ्या खडीच्या रस्त्यावर शिरतो, आणि २५ मिलिमीटर रुंदीचा मागचा टायर चढावर जागच्या जागी फिरू लागतो. अ‍ॅप बदलून पाहिले, ‘रोड बाइक’ हा पर्यायही निवडला, पण गुण आला नाही. सुट्टीतली एक सुंदर सकाळ सायकल ढकलण्यात गेली, याचे फार वाईट वाटले.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर ज्या रस्त्याच्या पृष्ठभागाची नोंद नसते, तो काही अ‍ॅप्स डांबरीच धरून चालतात, हे त्यामागचे कारण होते.

उपाय याच क्रमाने करावा. आधी क्रमांकाचे रस्ते कणा म्हणून घ्यावेत: फ्लॉरेन्सहून ग्रेव्हे आणि कास्तेलिनामार्गे सिएनाला जाणारा एसआर (प्रादेशिक रस्ता) २२२, किंवा सान क्विरिको, पिएंझा आणि मोन्तेपुल्चानो जोडणारा, दोन्ही बाजूंना गव्हाची शेते असलेला एसपी (प्रांतीय रस्ता) १४६. मग या कण्याला जोडणारा प्रत्येक छोटा रस्ता गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये, म्हणजे रस्त्याच्या छायाचित्रांत, वळणापासून पुढे पाहत जावा, कारण एसपी क्रमांक असलेले काही रस्तेही खडीचेच आहेत. खडी दिसली की मार्गाची रेघ ओढून डांबरी रस्त्यावर आणावी आणि तिथे थांबा रोवावा. शेवटी मार्गाची जीपीएक्स फाइल ‘ट्रॅक’ म्हणून, म्हणजे ठरलेली रेघ म्हणून, उतरवून सायकलच्या कॉम्प्युटरमधील मार्गाची फेरआखणी बंद करावी; ती चालू राहिली, तर एखादे वळण चुकताच यंत्र पुन्हा खडीचाच जवळचा रस्ता सुचवू शकते.