आभासी मंडपात शेकडो भाविक एकाच वेळी आले तर

गिरगावातल्या किंवा लालबागच्या एखाद्या मंडळाला आपल्या गणपतीचा त्रिमितीय आभासी मंडप उभारायचा असेल आणि त्यात घरबसल्या आलेल्या भाविकांनी एकमेकांना पाहावे, एकमेकांशी बोलावे अशी अपेक्षा असेल, तर मंडपाच्या आकारापेक्षा एका जागी किती गर्दी दाटेल याचा विचार आधी करावा. जागेचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोन वेगळ्या सर्व्हरकडे सोपवण्याची पद्धत जुनी आहे. ‘सेकंड लाइफ’ या ऑनलाइन आभासी जगात 256 मीटर लांबी-रुंदीचे असे विभाग असतात. परंतु आरतीला सगळेच मूर्तीसमोर येणार, त्यामुळे एक चौकोन खचाखच भरतो आणि बाकीचे ओस पडतात.

हिशेब असा आहे. 500 भाविकांपैकी प्रत्येकाची जागा सेकंदाला 20 वेळा उरलेल्या 499 जणांना कळवायची म्हटली, तर सेकंदाला सुमारे 50 लाख नोंदी होतात, आणि माणसे दुप्पट झाली की नोंदी चौपट होतात. म्हणून कोणाला काय कळवायचे हे सर्व्हरनेच ठरवावे. जवळच्या 40 जणांच्या हालचाली पूर्ण वेगाने पाठवल्यास 4 लाख नोंदी होतात. दूरच्यांची जागा सेकंदाला एकदाच कळवली, तर त्यात सुमारे 2.3 लाखांची भर पडते आणि मधली हालचाल पाहणाऱ्याचा फोन अंदाजाने भरून काढतो. मात्र ‘जवळचा’ कोण याची सीमा एकच ठेवू नये, कारण सीमेवर रेंगाळणाऱ्याची आकृती सारखी अडखळताना दिसते. 10 मीटरच्या आत आलेल्याला यादीत घ्यावे आणि 12 मीटरपलीकडे गेल्यावरच वगळावे.

नोंदीही लहान कराव्यात. 50 मीटरच्या मंडपात लांबी, रुंदी, उंची अशा प्रत्येक अक्षाला 16 बिट (शून्य-एकचे 16 अंक) दिले तरी एक मिलिमीटरहून कमी अंतराचा फरक टिपता येतो, त्याहून अधिक अचूकता येथे निव्वळ उधळपट्टी आहे.

एवढे करूनही न पेलण्याइतकी गर्दी वाढल्यास त्याच मंडपाच्या अनेक प्रती चालवाव्यात, पण एका कुटुंबातील माणसे एकाच प्रतीत पोहोचतील अशी सोय अवश्य करावी. ‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ मोठ्या लढायांत घड्याळच मंद करून सर्व्हर सावरतो. आरती मंद करून चालणार नाही, तेव्हा तो मार्ग आपल्याला बंद आहे.

आवाजाचा प्रश्न वेगळा आहे. गप्पांसाठी जवळच्या सहा-सात जणांचाच आवाज ऐकवावा. आरती मात्र सर्वांनी आपापल्या घरून एकत्र म्हणायची ठरवली, तर इंटरनेटच्या विलंबामुळे टाळ आणि शब्द जुळत नाहीत. तिचा ध्वनी मंडपातून एकतर्फी प्रक्षेपित करणेच योग्य.

आरतीची वेळ ठाऊक असल्याने सर्व्हर आधीच वाढवून ठेवावेत. गर्दी दिसल्यावर ते आपोआप वाढतील या भरवशावर राहिल्यास नवे सर्व्हर तयार होईपर्यंत आरती संपलेली असते. मूर्ती आणि सजावटीच्या जड फाइल मुख्य सर्व्हरवरून न देता सीडीएनवरून (फाइलींच्या प्रती ठिकठिकाणी ठेवून जवळच्या ठिकाणाहून पुरवणारे सर्व्हरचे जाळे) द्याव्यात आणि प्रवेशद्वारावर रांग ठेवावी.

चाचणीतले कृत्रिम भाविक मंडपभर विखुरलेले नसावेत. त्या सर्वांना एकाच क्षणी मूर्तीसमोर आणावे, त्यांतील काहींना मोबाइल नेटवर्कवरून जोडावे आणि ताण असह्य झाल्यावर आधी फुलांची उधळण, मग दूरच्या आकृती आणि अगदी शेवटी आवाज कमी होतो आहे ना, हे तपासावे.