मुंबईच्या पावसात टिकणारा हायब्रीड टी गुलाब: संकरापासून डोळा भरण्यापर्यंत

हायब्रीड टी म्हणजे लांब दांडीवर मोठं, टोकदार कळीचं फूल देणारे गुलाब. या वर्गातला पहिला गुलाब म्हणून 1867 सालच्या 'ला फ्रान्स'चं नाव घेतात. तेव्हापासून थंड देशांत या गुलाबांचं एकच मोठं दुखणं राहिलं आहे, ते म्हणजे कडक हिवाळ्यात फांद्या मरतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात गुलाबाचे नवे वाण घडवणारे ग्रिफिथ बक यांनी त्यावर काढलेली वाट सरळ होती. रोपं उघड्यावर थंडीत ठेवायची, औषधं मारायची नाहीत आणि जी तगतील तीच पुढच्या संकराला घ्यायची. त्यांचा 1977 सालचा 'केअरफ्री ब्यूटी' याच रीतीने आला.

मुंबईत गुलाब थंडीने मरत नाही, तो पावसाळ्यात मरतो. जून ते सप्टेंबर पान सतत ओलं राहतं, काळ्या ठिपक्यांचा रोग येतो, ऑगस्टपर्यंत काड्या उघड्या पडतात आणि टोकाकडून काळ्या होत खाली वाळत येतात. दुकानात मिळणारे बहुतेक वाण कोरड्या किंवा थंड हवेत निवडलेले असतात. म्हणून रीत बक यांचीच ठेवायची, फक्त हिवाळ्याच्या जागी आपला जुलै परीक्षक म्हणून बसवायचा. गच्चीवर तीस-चाळीस कुंड्यांची जागा आणि सकाळचं पाच तास ऊन असेल तर हे काम घरी करता येतं. मात्र त्याला किमान तीन वर्षं लागतात.

जोडी कशी निवडायची

एका बाजूला तुमच्याच गच्चीवर पावसाळ्यात पानं टिकवून धरणारं झाड हवं, दुसऱ्या बाजूला फुलाचा आकार, रंग किंवा वास हवा. दोन्ही झाडं नाजूक असतील तर पिल्लंही नाजूकच निघतील. 'क्वीन एलिझाबेथ' हा 1954 सालचा जुना गुलाब आजही कामाचा आहे, कारण तो काटक आहे, त्याला फळ धरतं आणि त्याचे परागही चालतात. पाकळ्यांचा विचार आधीच करा. पन्नास-साठ पाकळ्यांची घट्ट कळी दमट हवेत उघडतच नाही, बाहेरच्या पाकळ्या चिकटून तपकिरी होतात आणि कळी आतून कुजते. मुंबईसाठी पंचवीस ते पस्तीस पाकळ्यांचं लक्ष्य ठेवा.

झाडाला मुळात फळ धरतं का, हे संकराआधी तपासा. एक-दोन फुलं न खुडता झाडावरच सोडा. तीन आठवड्यांनी फुलाखालचा गोळा हिरवा राहून फुगला तर ते झाड मादी म्हणून, म्हणजे दुसऱ्याचे पराग लावून फळ धरायला, घेण्याजोगं आहे. कळी पूर्ण उमलून पाकळ्या मागे वळल्या आणि मधे पिवळे पुंकेसर दिसलेच नाहीत, तर त्याचे परागही मिळणार नाहीत. भरगच्च फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात.

जंगली गुलाबाचा मोह अनेकांना होतो. कोडाईकनाल येथे वीरू आणि गिरिजा वीरराघवन यांनी 'रोझा क्लिनोफिला' आणि 'रोझा जायगँटिया' या आपल्याकडच्या जंगली गुलाबांवर मोठं काम केलं आहे. पण पहिल्याच प्रयत्नात त्या वाटेला जाऊ नका. हायब्रीड टीमध्ये साधारण 28 गुणसूत्रं असतात, जंगली गुलाबात बहुधा 14. त्यांच्या 21 गुणसूत्रांच्या पिल्लांना पुढे बी धरणं कठीण जातं. शिवाय बारमाही फुलण्याचा गुण पहिल्या पिढीत दबून जातो, त्यामुळे रोपं पहिल्या वर्षी फुलतही नाहीत.

वीस वेगवेगळ्या जोड्यांची एकेक फुलं करण्यापेक्षा एकाच जोडीची वीस फुलं करा. हिशेब असा धरा: वीस फुलांतून आठ-दहा फळं, त्यांतून ऐंशी-शंभर बिया, त्यांतून पंचवीस-तीस रोपं. निवड करायला एवढी संख्या लागतेच.

संकराचा मोसम

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस पूर्ण थांबल्यावर छाटणी करा. साधारण पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे नोव्हेंबरअखेर, फुलं येतात. संकर 25 नोव्हेंबर ते 10 जानेवारी या काळातच उरका. फळ पिकायला साडेतीन ते चार महिने लागतात. फेब्रुवारीत संकर केला तर कोवळं फळ मार्च-एप्रिलच्या उन्हात सापडतं आणि पिवळं पडून गळतं.

पराग गोळा करणे

नर झाडाची कळी उमलण्याच्या आदल्या दिवशी घ्या. पाकळ्या सोडवून टाका आणि पुंकेसरांची पिवळी टोकं, म्हणजे परागकोश, बारीक कात्रीने कापून पांढऱ्या कागदावर पाडा. पंख्याचा वारा लागणार नाही अशा जागी सावलीत एक दिवस ठेवा. कोश फुटले की कागदावर पिवळी भुकटी दिसते. मुंबईच्या हवेत कोश नुसते ठेवून सुकतीलच असं नाही. औषधाच्या बाटलीत येणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या एका घट्ट डबीत ठेवा, त्यावर कागदाच्या पुडीत कोश ठेवा आणि डबी बंद करा. हीच डबी फ्रीजमध्ये ठेवली तर पराग आठवडाभर सहज चालतात. दमट होऊन गोळा झालेले पराग फेकून द्या. फळ न धरण्याचं सर्वांत नेहमीचं कारण तेच असतं.

मादी फूल तयार करणे

या कामात घाई चालत नाही. कळी नेमकी कोणत्या टप्प्यावर घ्यायची ते नीट बघा. निदलं, म्हणजे कळीबाहेरची हिरवी पात्यं, खाली वळलेली, रंग पूर्ण दिसणारा, बाहेरची एखादी पाकळी जेमतेम सैल झालेली, पण कळीचं तोंड बंद. तोंड उघडलं असेल तर त्या फुलाचे स्वतःचे पराग आत पडून गेलेले असतात. सकाळी नऊच्या सुमारास, दव सुकल्यावर कामाला लागा.

डाव्या हाताने कळी खालून धरा. पाकळ्या एकेक करून बाजूला वाकवत बुडाशी खुडा. चिमूटभर धरून ओढल्या तर सालीसकट निघतात आणि तिथून फळ कुजतं. पाकळ्या गेल्या की मधे फिकट तंतूंचा छोटा झुबका दिसतो. तो स्त्रीकेसरांचा, त्याला धक्का लावायचा नाही. त्याच्याभोवती कड्यासारखे पुंकेसर असतात. भुवयांच्या चिमट्याने ते सगळे काढा. एक जरी मागे राहिला तरी उद्या फुटून घोटाळा करतो, म्हणून शेवटी भिंगातून एक फेरी मारा. निदलं मात्र राहू द्या, ती ओरबाडली तर फळ टिकण्यावर परिणाम होतो. मग बटर पेपरची पिशवी घालून दोऱ्याने सैल बांधा. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो.

दुसऱ्या दिवशी पिशवी काढून बघा. स्त्रीकेसरांची टोकं ओलसर, चकचकीत दिसली की वेळ झाली. कोरड्या बोटाच्या टोकावर पराग घेऊन झुबक्यावर हलकेच टेकवा. बारीक ब्रशही चालतो, पण त्याच्या केसांत मागच्या जोडीचे पराग अडकून राहतात. त्यापेक्षा धुऊन पुसलेलं बोट बरं. तिसऱ्या दिवशी पुन्हा एकदा पराग लावा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, कारण पेनची शाई उन्हात उडते. आधी मादी, मग गुणिलेचं चिन्ह, मग नर आणि तारीख. पिशवी आठवड्याने काढून टाका.

दहा ते पंधरा दिवसांत निकाल कळतो. देठ हिरवा आणि ताठ राहिला तर फळ धरलं. देठ पिवळा पडून गोळा वाळला तर नाही. एकाच मादीवर वेगवेगळे पराग लावून सगळीच फुलं गळाली तर दोष मादीचा. एकाच नराची सगळी फुलं गळाली तर दोष परागांचा.

धरलेल्या फळांवर झारीने पाणी ओतू नका, पाणी बुडाशी द्या. मार्चपासून मादी कुंडीला दुपारच्या उन्हापासून आडोसा करा. कबुतरं आणि उंदीर ही मुंबईतली खरी भीती. फळावर बारीक जाळीची पिशवी बांधा.

बी आणि फ्रीज

किमान शंभर दिवस झाले आणि फळ केशरी किंवा पिवळसर झालं की काढा. काही वाणांची फळं हिरवीच राहतात, तिथे दिवस मोजा. फळ चिरताना सुरी खोल घालू नका. बिया काढून गर आणि लव चोळून धुवा. हे मनापासून करायचं, कारण उगवण रोखणारी द्रव्यं फळाच्या गरात आणि बियांच्या कवचात असतात. तीन टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये दहा मिनिटं बुडवून पुन्हा धुवा. पाण्यावर तरंगणाऱ्या बिया फेकण्याची पद्धत आहे, पण तरंगणारीही उगवतात. संख्या कमी असेल तर सगळ्या ठेवा.

आता मुंबईपुरती खास गोष्ट. गुलाबाच्या बीला उगवण्याआधी ओलाव्यात थंडी लागते. पण एप्रिलमध्ये लगेच ती दिली तर बी जूनमध्ये पेरायला येतं. तेव्हाच्या उष्म्यात ते पुन्हा झोपी जातं, आणि उगवलंच तर पावसाळ्यात मान मोडून पडतं. म्हणून बिया सावलीत सुकवून, कागदी पुडीत, सिलिका जेलच्या डबीत ऑगस्टअखेरपर्यंत फ्रीजमध्ये कोरड्याच ठेवा. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ओल्या, पण पिळून घेतलेल्या टिश्यू पेपरात गुंडाळून झिपच्या पिशवीत घाला आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात नऊ-दहा आठवडे ठेवा. फ्रीझरमध्ये नको. घरातल्यांना सांगून ठेवा आणि पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत वर्षाची मेहनत कचऱ्यात जाईल. दर रविवारी पिशवी उघडून बघा. बुरशी दिसली तर बिया धुऊन टिश्यू बदला. पांढरं मूळ दिसलं तर ती बी लगेच पेरा, मूळ खाली ठेवून.

पेरणी आणि पहिली निवड

नोव्हेंबरच्या मध्यावर, ऑक्टोबरची काहिली ओसरली की पेरा. दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग परलाइट (पांढरे हलके खडे) पुरे. कोकोपीट तीनदा धुवा, नाहीतर त्यातल्या मिठाने कोवळी मुळं जळतात. खत आत्ताच नको. बी एक सेंटिमीटर खोल, दोन बियांत तीन सेंटिमीटर अंतर. उगवण तीन आठवड्यांपासून पुढे दोन महिने रेंगाळत होते, त्यामुळे ट्रे रिकामा करायची घाई नको. रोप बुडाशी काळं पडून आडवं झालं तर पाणी जास्त झालं असं समजा. वरचा थर सुकू द्या आणि पाणी ट्रेच्या खालून द्या.

दोन-तीन खरी पानं आली की चार इंची कुंडीत हलवा. पहिलं फूल सहा ते दहा आठवड्यांत, रोप वीतभर असतानाच येतं. ते छोटं आणि कमी पाकळ्यांचं असतं. पाकळ्यांवरून रोप टाकू नका, पुढच्या वर्षी त्या वाढतात. रंग मात्र बऱ्यापैकी कळतो. या टप्प्यावर टाकायची ती रोपं म्हणजे खुरटलेली, पांढऱ्या भुरीने माखलेली किंवा मान न धरणारी. मार्चच्या उन्हात फुलाचा रंग उडतो, म्हणून रंगाची नोंद जानेवारी-फेब्रुवारीतच करा.

जुलैची परीक्षा

मेअखेर रोपं आठ इंची कुंडीत, विटांवर उचलून ठेवा म्हणजे भोकं बुजणार नाहीत. एक भाग लाल माती, एक भाग शेणखत, एक भाग जाडी वाळू. नर्सरीतली नुसती लाल माती पावसात घट्ट बसते. जूनपासून रोपं उघड्या पावसात ठेवा. बुरशीनाशक अजिबात मारायचं नाही. दोन-तीन फवारण्यांनी सगळीच रोपं हिरवी दिसतील आणि निवड करायला काही उरणार नाही. त्यांच्यातच आपलं ओळखीचं एखादं बाजारातलं झाड तुलनेसाठी ठेवा.

15 ऑगस्ट आणि 15 सप्टेंबरला प्रत्येक रोपाची किती पानं टिकली याची नोंद करा. इथे एक चूक हमखास होते. खालची पानं पिवळी, त्यांवर झालरदार कडांचे काळे ठिपके आणि पानगळ, हा काळ्या ठिपक्यांचा रोग. तो रोपाचा दोष आहे, ते रोप काढा. पण माती ओली असूनही अख्खं रोप माना टाकत असेल, तर मुळं कुजली आहेत. तो कुंडीचा दोष, रोपाचा नाही. अशा रोपाची काडी वाचवून दुसरी संधी द्या. ओलाव्यात पान साधारण सात तास राहिलं की काळे ठिपके रुजतात, त्यामुळे गच्चीच्या कोपऱ्यातलं वाऱ्यावरचं रोप खोटंच निरोगी दिसू शकतं. दर पंधरवड्याला कुंड्यांच्या जागा बदला.

तीस रोपांतून दोन उरली तरी वर्ष चांगलं गेलं म्हणायचं. ती दोन पुढच्या पावसाळ्यातही तशीच ठेवा.

डोळा भरणे

डोळा म्हणजे फांदीवरचा अंकुर, खुंट म्हणजे ज्यावर कलम करायचं ते मुळं असलेलं काटक गुलाबाचं रोप. दुसरा पावसाळा काढलेल्या रोपाचे डोळे नोव्हेंबर ते जानेवारीत खुंटावर भरा. पेन्सिलएवढा जाड खुंट, त्यावर इंग्रजी टी आकाराची चीर, नुकतंच फुलून गेलेल्या फांदीवरचा टपोरा डोळा आणि वर प्लास्टिकची पट्टी. डोळा मोकळा ठेवा. तीन आठवड्यांनी तो हिरवा असेल तर जुळला. मूळ रोप मात्र कधी देऊन टाकू नका. पाच-सहा कलमं झाली की दोन डोंबिवली-बोरिवलीकडच्या ओळखीच्यांकडे, एक नाशिककडे द्या. कोरड्या हवेत फूल वेगळं निघतं, आणि एकाच गच्चीवर दिसलेला गुण त्या गच्चीपुरताच असू शकतो.

वाणाला हक्क हवा असेल तर वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, 2001 प्रमाणे नोंदणी करता येते. वाण इतरांहून वेगळा, सगळी कलमं एकसारखी आणि गुण पिढ्यान्‌पिढ्या स्थिर, हे दाखवावं लागतं. नवा वाण म्हणून अर्ज करायचा तर भारतात पहिली विक्री होऊन एक वर्षाहून जास्त झालेलं चालत नाही. म्हणून पहिलं कलम पैसे घेऊन द्याल ती तारीख लिहून ठेवा.