लिंक कुठे, बटन कुठे? रेल्सच्या व्ह्यूमध्ये या चुका टाळा

रेल्स ७ वर (रेल्स म्हणजे रुबी भाषेत वेब ॲप बनवायचं फ्रेमवर्क) नवीन ॲप काढलं, व्ह्यूमध्ये, म्हणजे पानाचं एचटीएमएल बनवणाऱ्या फाईलमध्ये, जुन्या ट्युटोरियलमधली डिलीटची ओळ चिकटवली, लिंक दिसतेय, क्लिकही होतेय, पण पोस्ट काही डिलीट होत नाही, उलट त्याच पोस्टचं पान उघडून समोर येतं. किंवा लॉगआउट दाबलं की लाल पडदा, 'नो रूट मॅचेस गेट'. मग राऊट्सची फाईल (कुठला पत्ता कुठल्या कोडकडे जातो ते) तपासा, कंट्रोलर (रिक्वेस्ट हाताळणारा कोड) तपासा, सर्व्हर दोनदा रीस्टार्ट करा, आणि त्या दोन्ही फाईली आधीपासून एकदम बरोबर असतात. (हेल्पर म्हणजे व्ह्यूमध्ये वापरायच्या रेल्सच्या तयार मेथड. त्यांची नावं इथे देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये अर्थातच इंग्रजीतच टाईप करा.)

होतं काय, की लिंक_टू हा हेल्पर शेवटी ए टॅग बनवतो, आणि ए टॅगवर क्लिक केलं की ब्राउझरला एकच काम येतं, गेट रिक्वेस्ट, म्हणजे 'हे पान दाखव' अशी मागणी, पाठवायचं. तुम्ही लिंक_टू ला मेथड: डिलीट दिलं तर रेल्स फक्त त्या टॅगवर डेटा-मेथड नावाचा ॲट्रिब्यूट लावतं. तो वाचून गुपचूप फॉर्म बनवून सबमिट करायचं काम रेल्स-यूजेएस नावाची जावास्क्रिप्ट करायची. डिसेंबर २०२१ मध्ये रेल्स ७ आलं आणि नवीन ॲपमध्ये यूजेएसच्या जागी टर्बो (पान पूर्ण रीलोड न करता लिंका आणि फॉर्म हाताळणारी जावास्क्रिप्ट) आलं. टर्बोला डेटा-मेथडशी काही देणंघेणं नाही. त्यामुळे एरर नाही, वॉर्निंग नाही, सरळ गेट जाते आणि पोस्ट दाखवणारी शो ॲक्शन चालते. टर्बोला समजेल असं लिहायचं तर डेटाच्या आत टर्बो_मेथड: डिलीट द्यावं लागतं.

पण मी तर म्हणेन की तेही नकोच, तिथे सरळ बटन_टू वापरा. बटन_टू खराखुरा फॉर्म बनवतो, त्यात बटन असतं, सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साईटवरून आलाय याची खूण) असतं, आणि एचटीएमएल फॉर्मला गेट आणि पोस्ट सोडून दुसरी मेथड पाठवता येत नाही म्हणून _मेथड नावाचं हिडन फील्ड असतं, ते वाचून सर्व्हरवर रॅक (रेल्स आणि वेब सर्व्हरच्या मधला थर) त्या पोस्ट रिक्वेस्टची डिलीट किंवा पॅच (बदल करायची रिक्वेस्ट) करून देतं. म्हणजे जावास्क्रिप्ट लोड झाली नाही तरी काम होतं. टर्बो_मेथडवाली लिंक मात्र कुणी 'नवीन टॅबमध्ये उघडा' केली की परत गेटच. एक लक्षात ठेवा, बटन_टू ला नुसता पत्ता दिला, मेथड सांगितली नाही, तर तो पोस्ट रिक्वेस्ट पाठवतो, डिलीट हवं असेल तर मेथड लिहावीच लागते. इथे ती साध्या मेथड: नेच द्यायची, टर्बो_ लावायची गरज नाही.

आता कन्फर्म. ही चूक जास्त घातक आहे कारण ती गप्प बसते. जुन्या कोडमधला डेटा: कन्फर्म हा पण यूजेएसचाच होता. अपग्रेड करताना लोक लिंकच्या जागी बटन_टू करतात, डिलीट चालू होतं, सगळे खूश, पण 'नक्की डिलीट करायचं का?' हा प्रश्न आता विचारलाच जात नाही हे एखाद्या युजरचं काहीतरी उडाल्यावरच कळतं. नवीन नाव टर्बो_कन्फर्म. बटन_टू मध्ये ते फॉर्म: च्या आतल्या डेटामध्ये ठेवा, म्हणजे फॉर्म टॅगवर जाईल, रेल्स ७ सोबतच्या टर्बोच्या सगळ्या व्हर्जनला चालतं. अपग्रेड करत असाल तर सगळ्या व्ह्यू फोल्डरवर एकदा 'कन्फर्म' आणि 'डिसेबल_विथ' (सबमिट होत असताना बटन बंद ठेवणारा, तोही यूजेएसचाच) हे दोन शब्द सर्च मारा, पाच मिनिटांचं काम आहे.

डिलीट झाल्यावर रीडायरेक्ट करताना स्टेटस: सी_अदर द्या, म्हणजे ३०३. रेल्सचा साधा रीडायरेक्ट ३०२ पाठवतो, आणि रिक्वेस्ट जावास्क्रिप्टमधून डिलीट म्हणून गेलेली असेल तर काही ब्राउझर ३०२ च्या मागे जातानाही डिलीटच घेऊन जातात, म्हणजे नवीन पत्त्यावर परत एक डिलीट. ३०३ म्हणजे 'आता गेटनेच ये' असं स्पष्ट सांगणं. स्कॅफोल्ड (रेल्सचा तयार कोड लिहून देणारा जनरेटर) आता हे आपोआप लिहून देतं, पण हाताने लिहिलेल्या कंट्रोलरमध्ये हटकून राहून जातं.

या सगळ्याला कंटाळून एक शॉर्टकट नेटवर हमखास सांगितला जातो: राऊट्समध्ये लॉगआउटला गेट करून टाका, विषय संपला. नका करू. २००५ मध्ये गुगलने वेब ॲक्सिलरेटर नावाचं एक टूल काढलं होतं, ते पानावरच्या लिंका तुम्ही क्लिक करायच्या आधीच पाठीमागे उघडून ठेवायचं, म्हणजे पान पटकन दिसावं. ज्या कंपनीतून रेल्स जन्माला आलं त्या ३७सिग्नल्सच्या ॲपमध्ये तेव्हा डिलीटच्या साध्या गेट लिंका होत्या, वर जावास्क्रिप्टचा कन्फर्म लावलेला. टूलने कन्फर्मला विचारलंच नाही, लिंका उघडत गेलं, लोकांचा डेटा उडत गेला. खूप आरडाओरडा झाला. पण टूलचं म्हणणं तरी काय होतं, की गेट म्हणजे फक्त बघणं, बघितल्याने काही बदलत नाही, आणि वेबचा नियम तोच आहे.

जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका, कारण २०२४ मध्ये टर्बो ८ आलं आणि त्यात लिंकवर माऊस नेला की ते पान आधीच मागवून ठेवायची सोय डिफॉल्ट चालू आहे. म्हणजे तुमच्या मेनूत गेटवालं लॉगआउट असेल आणि युजरचा माऊस 'प्रोफाईल'कडे जाताना त्यावर जरा रेंगाळला तर गडी बाहेर! 'वाचलं म्हणून मार्क करा', 'कार्टमध्ये टाका', 'अनसबस्क्राईब' असल्या लिंका गेटवर असतील तर तेच. एखाद्या लिंकपुरतं टर्बो_प्रीफेच बंद करता येतं, पण तो उपाय जड रिपोर्टच्या लिंकांसाठी ठेवा, डेटा बदलणाऱ्या लिंकेला बटनच करा.

बटन गेलं फॉर्मच्या आत

ही माझ्या मते सगळ्यात किचकट चूक. एडिटचं पान आहे, फॉर्म_विथ (फॉर्म बनवणारा हेल्पर) चालू आहे, खाली 'सेव्ह' आणि त्याच्या शेजारी छान दिसावं म्हणून बटन_टू ने 'डिलीट'. दिसायला एकदम झकास. पण बटन_टू स्वतःच एक फॉर्म आहे आणि एचटीएमएलमध्ये फॉर्मच्या आत फॉर्म चालत नाही. ब्राउझर ओरडत नाही, तो आतला सुरुवातीचा फॉर्म टॅग सरळ टाकून देतो, पण आतलं बटन आणि हिडन फील्डं ठेवतो, आणि आतल्या फॉर्मचा शेवटचा टॅग आला की बाहेरचा फॉर्म तिथेच बंद करतो. आता बघा काय झालं: बाहेरच्या फॉर्ममध्ये दोन _मेथड फील्डं आली, एक पॅचचं, एक डिलीटचं. आणि अपडेट (बदलणारी ॲक्शन) आणि डिस्ट्रॉय (डिलीट करणारी ॲक्शन) दोघांचा पत्ता तर एकच असतो! टर्बो बंद असेल तर रॅक एकाच नावाच्या दोन फील्डांपैकी शेवटचं धरतं, म्हणजे युजरने 'सेव्ह' दाबलं आणि रेकॉर्ड डिलीट. टर्बो चालू असेल तर उलटही होऊ शकतं, 'डिलीट' दाबलं आणि नुसतं सेव्ह झालं. आणि डिलीटच्या बटनानंतर जी फील्डं आहेत ती फॉर्मच्या बाहेर पडलेली असतात, ती सर्व्हरकडे जातच नाहीत, मग 'पॅराम्समध्ये (सर्व्हरला मिळालेल्या डेटात) व्हॅल्यू का येत नाहीये' यावर अर्धा दिवस जातो.

उपाय सोपा आहे, बटन_टू मुख्य फॉर्म संपल्यावर खाली लिहा. डिझाईनमध्ये शेजारीच हवं असेल तर खरा डिलीटचा फॉर्म बाहेर ठेवून त्याला आयडी द्या, आणि आतल्या साध्या बटनाला फॉर्म ॲट्रिब्यूटमध्ये तो आयडी द्या, ब्राउझर बरोबर तिकडे सबमिट करतो. शंका असेल तर ब्राउझरच्या इन्स्पेक्टमध्ये एलिमेंट्स बघा, 'व्ह्यू सोर्स' नको, कारण सोर्समध्ये दोन्ही फॉर्म शहाण्यासारखे दिसतात, ब्राउझरने काय केलं ते फक्त एलिमेंट्समध्ये दिसतं.

क्लास लावला पण बटनासारखं दिसत नाही

लिंकला बूटस्ट्रॅपचा (तयार सीएसएस लायब्ररीचा) क्लास दिला तरी ती निळी अंडरलाईनवालीच राहिली, तर आधी ॲड्रेस बार बघा. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि क्लास=बीटीएन दिसतंय का? म्हणजे तुमचा क्लास यूआरएलमध्ये गेला. लिंक_टू ला क्रमाने तीन गोष्टी लागतात, नाव, पत्ता, मग एचटीएमएलचे ऑप्शन्स. पत्ता कंट्रोलर आणि ॲक्शन असा हॅशमध्ये (नाव आणि व्हॅल्यूच्या जोड्यांमध्ये) दिला आणि पुढे क्लास लिहिला तर रुबीला तो सगळा एकच हॅश वाटतो, आणि ओळखीचं नसलेलं नाव पत्त्याला प्रश्नचिन्हापुढे क्वेरी म्हणून चिकटतं. पाथ हेल्परचा (पत्ता बनवून देणाऱ्या हेल्परचा) कंस क्लासनंतर बंद केला तरी हेच. म्हणून पाथ हेल्पर वापरा आणि कंस कुठे बंद होतोय ते नीट बघा, बास.

ब्लॉकवाल्या, म्हणजे डू आणि एंडच्या मध्ये मजकूर दिलेल्या, लिंकेत वेगळाच घोळ. आयकॉन टाकायचा म्हणून डू लावलं, पण आधीचं नाव काढायचं राहिलं. ब्लॉक असला की लिंक_टू पहिल्या आर्ग्युमेंटला पत्ता धरतो आणि दुसऱ्याला ऑप्शन्स, मग तुमचा पाथ ऑप्शन्सच्या जागी गेला आणि 'स्ट्रिंगिफाय_कीज' नावाची मेथड स्ट्रिंगला नाही अशी एरर येते. ही एरर दिसली की दुसरीकडे कुठे शोधू नका, ब्लॉक आणि नाव दोन्ही दिलंय. आणि त्या ब्लॉकमध्ये बटन टॅग टाकू नका, लिंकच्या आत बटन हे चुकीचं एचटीएमएल आहे, बटनासारखं दिसायला क्लास पुरतो. नुसता आयकॉन असेल तर ॲरिया-लेबल (स्पेलिंग aria) द्या, नाहीतर स्क्रीन रीडरवाल्याला ती लिंक कशाची हे कळायचं कसं?

बटन_टू ने लेआउट मोडतो ही तक्रार पण खरी आहे, कारण बटनाभोवती फॉर्म असतो आणि फॉर्म म्हणजे सीएसएसचा ब्लॉक एलिमेंट, पूर्ण ओळ खातो. बटनाच्या क्लासने ते सुटत नाही, फॉर्म_क्लास नावाचा वेगळा ऑप्शन आहे, तिथे इनलाईन करा.

बाकी बारीकसारीक. लिंक_टू ला डिसेबल्ड: ट्रू देऊन काही होत नाही, ए टॅगला तसलं काही नसतं, लिंक_टू_इफ वापरा म्हणजे अट खोटी असताना नुसता मजकूर येईल. टर्बो फ्रेमच्या (पानाच्या स्वतंत्रपणे बदलणाऱ्या तुकड्याच्या) आतली लिंक दाबून 'कंटेंट मिसिंग' आलं तर ती लिंक पूर्ण पान उघडणारी आहे, तिला टर्बो_फ्रेम: _टॉप द्या. मेनूतला चालू टॅब फॉर्ममध्ये चूक झाल्यावर अचानक फिका पडतो कारण करंट_पेज हा हेल्पर पोस्ट रिक्वेस्टला खोटंच म्हणतो. पाथ हेल्पर 'मिसिंग रिक्वायर्ड कीज आयडी' म्हणाला तर ऑब्जेक्ट निल (रिकामा) आहे किंवा अजून सेव्ह झालेला नाही, राऊटला दोष देऊ नका. आणि बटन_टू असलेला तुकडा फ्रॅगमेंट कॅशमध्ये (पानाचा तुकडा साठवून सगळ्यांना तोच दाखवायची सोय) टाकला तर एका युजरचं टोकन दुसऱ्याला जातं. टर्बो मेटा टॅगमधलं टोकन हेडरमधून पाठवतं म्हणून ते लपून राहतं, आणि टर्बो बंद असलेल्या एखाद्या पानावरच 'इनव्हॅलिड ऑथेंटिसिटी टोकन' येतं, मग कुणाला काही सुधरत नाही.

मेलमध्ये _पाथ (नुसता साईटच्या आतला पत्ता) कधीच नाही, _यूआरएलच (डोमेनसकट पूर्ण पत्ता). मेल क्लायंटला तुमचं डोमेन माहीत नसतं, नुसत्या स्लॅशने सुरू होणारी लिंक तिथे मेलेली. _यूआरएल लावल्यावर 'मिसिंग होस्ट टू लिंक टू' आलं तर घाबरू नका, ॲक्शन मेलरच्या डिफॉल्ट यूआरएल ऑप्शन्समध्ये होस्ट लिहा, डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शन दोन्हीकडे वेगवेगळा.

युजरने भरलेली वेबसाईट थेट लिंक_टू ला देणं हा वेगळा धोका. तिथे जावास्क्रिप्ट: ने सुरू होणारा मजकूर कुणी भरला तर रेल्सचं एस्केपिंग (एचटीएमएलची धोकादायक चिन्हं निरुपद्रवी करणं) त्याला अडवत नाही, कारण त्यात एस्केप करण्यासारखं काही नसतंच, क्लिक करणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये तो चालतो. मॉडेलमध्येच तपासा की एचटीटीपी किंवा एचटीटीपीएसच आहे. त्यातच दुसरं काम होऊन जातं, लोक नुसतं डब्लू डब्लू डब्लू पासून पत्ता लिहितात आणि ब्राउझर तो तुमच्याच साईटच्या आतला पत्ता समजतो.

मराठी साईट करणाऱ्यांसाठी एक खास. लिंकमध्ये शीर्षक यावं म्हणून टू_पॅराममध्ये (पत्त्यात काय दिसावं ते ठरवणाऱ्या मेथडमध्ये) आयडीपुढे शीर्षकाचं पॅरामिटराईझ (मजकूर पत्त्याला चालेल असा करणारी मेथड) जोडतात. मराठी शीर्षकावर ते चालवलं की रिकामी स्ट्रिंग हातात येते, कारण त्याला रोमन अक्षरं आणि आकडेच कळतात, मग सगळे पत्ते '५-', '६-' असे लांडे. स्वतःचा रेग्युलर एक्स्प्रेशन लिहायला गेलात तर युनिकोडचा फक्त 'लेटर' गट ठेवू नका. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त हे सगळं 'मार्क' गटात येतं, तो गट सुटला की 'पुणे'चं 'पण' होतं आणि 'नाशिक'चं 'नशक'. दोन्ही गट आणि आकडे ठेवा, बाकीच्याच्या जागी डॅश. शिवाय देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं, म्हणजे पत्त्यात एन्कोड झाल्यावर नऊ अक्षरं, त्यामुळे लिंक कॉपी करून मेसेजमध्ये टाकली की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसू शकते. ते नको असेल तर रोमन स्लगसाठी (पत्त्यातल्या शीर्षकाच्या तुकड्यासाठी) फॉर्ममध्ये वेगळं फील्ड ठेवा आणि लिहिणाऱ्यालाच भरू द्या.