कार्यक्रमाचं सामान: घरून मंचावर आणि मंचावरून घरी

दिवाळी पहाट सहाला सुरू व्हायची असेल तर मंच पाचला लागलेला हवा, आणि गाडी आदल्या रात्रीच भरलेली हवी. भावगीत, अभंग, नाट्यगीत असा कार्यक्रम करणारा नेहमीचा संच घ्या. दोन गायक, तबला, पखवाज, पेटी (हार्मोनियम), कीबोर्ड, तालवाद्यांवर एकजण आणि निवेदक. साउंड बहुतेक वेळा आयोजकांचा असतो, तरी या संचाचं स्वतःचं सामान सहज वीसेक नग भरतं.

सामान न्यायचं कसं याचीच काळजी सगळे करतात. पण वस्तू राहतात, मोडतात, दुसऱ्याच्या गाडीत जातात त्या परतताना, कार्यक्रम संपल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात. म्हणून घरी भरणी करतानाच एक बघायचं: रात्री दमलेल्या माणसाला हे अपुऱ्या उजेडात परत असंच भरता येईल का? खालची सगळी पद्धत त्या हिशेबाने आहे.

आधी नग ठरवा

ट्रान्सपोर्टवाले वस्तू मोजत नाहीत, नग मोजतात. आपणही तेच करायचं. उचलताना जी गोष्ट एकत्र उचलली जाते ती एक नग: तबला-डग्ग्याची बॅग एक, पेटी एक, वायरींची पेटी एक. प्रत्येक नगावर दोन बाजूंना ठळक आकडा घाला. आकडा एकाच बाजूला असला की नेमकी तीच बाजू भिंतीकडे जाते. आपल्या संचाचा एक रंग ठरवून त्या रंगाची चिकटपट्टी प्रत्येक नगाला, स्टँडला आणि वायरीच्या दोन्ही टोकांना लावा. काळे माइक स्टँड सगळ्यांचे सारखेच दिसतात.

प्रत्येक नगाला एक माणूस. "सगळ्यांनी लक्ष ठेवा" याचा अर्थ कोणीच ठेवणार नाही. तबल्याची बॅग तबलजी बघतोच, प्रश्न असतो तो सामायिक सामानाचा: एक्स्टेंशन बोर्ड, म्युझिक स्टँड, बैठकीची चादर, बॅनर. त्याचं नाव आधी ठरलेलं असू द्या.

बॅगेतल्या वस्तूंची यादी करत बसण्यापेक्षा भरलेल्या, उघड्या बॅगेचा फोटो काढा आणि ग्रुपवर टाका. रात्री भरताना फोटोशी ताडून पाहिलं की कुठला कप्पा रिकामा आहे ते लगेच कळतं.

वाद्यं: प्रत्येकाचं वेगळं

तबल्याचा शत्रू म्हणजे बंद गाडीतलं ऊन. चहासाठी थांबलात आणि गाडी उन्हात राहिली, तर ताणलेली पुडी फुटू शकते, शाईला तडे जाऊ शकतात. तबला काचेजवळ, डिकीत सर्वांत वर, असा ठेवू नका. कोकणात पावसाळी हवेत उलटा त्रास, पुडी ओल धरते आणि सूर उतरतो. मग ठोकून ठोकून गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) खाली न्यावे लागतात. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवाव्यात आणि त्या अधूनमधून बदलाव्यात. गायिका काळी चार-पाचला (पेटीच्या त्या काळ्या पट्टीच्या सुरात) आणि गायक काळी एक-दोनला गाणार असेल तर दोन तबले लागणारच, तेव्हा बॅगेवर पट्टी लिहा. चुंबळी, हातोडी आणि पावडर एका छोट्या थैलीत घालून ती थैली तबल्याच्या बॅगेतच ठेवायची. हातोडी "कुठेतरी" ठेवली की ती बरोबर मंचावर तबला मिळवताना सापडत नाही.

पखवाजासोबत कणकेचं पीठ घरूनच न्या. गावात मिळेल म्हणता, पण पहाटे पाचला कुठलं दुकान उघडं असतं? कार्यक्रम संपल्यावर डाव्या तोंडाची कणीक लगेच खरवडून, ओल्या फडक्याने पुसून, चामडं वाळू द्यायचं आणि मगच गवसणी घालायची. कणीक तशीच राहिली तर वाळताना चामड्याला धरते, आणि गोदामात उंदरांना आयतं आमंत्रण.

पेटी बंद करताना भात्याची कडी लागली का ते बघा, कॉपलर (दोन सप्तकं जोडणारी खटकी) काढा, स्केलचेंजर (सूरपट्टी सरकवता येणारी पेटी) असेल तर पट्टी मूळ जागेवर आणा. पट्ट्यांवर एक मऊ कापड घालून झाकण लावा. पेटी न्यायची ती वाजवताना असते तशीच, आडवी-उभी करायची नाही. दोन बाजूंनी दोघांनी धरली तर बरं. हमाल ती एकट्याने खांद्यावर घेतो आणि दाराच्या चौकटीला कोपरा लागतो.

तानपुरा हा सगळ्यांत नाजूक नग. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने भोपळा काही टणक होत नाही. तो एकदा तडकला की दुरुस्ती कारागिराकडेच. लांबच्या प्रवासाआधी तारा थोड्या उतरवा, पूर्ण सैल मात्र करू नका. ताण गेला की घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) सरकायची भीती असते. घोडीच्या कडेने पेन्सिलीची बारीक खूण करून ठेवली तर ती सरकलेली तरी कळते. जवारीचा दोरा (घोडीवर तारेखाली घालायचा) आणि तारांचा एक जादा संच गवसणीच्या खिशात ठेवा. गाडीत तारांची बाजू वर, भोपळ्याखाली जाड उशी, दांडीच्या टोकाला मऊ टेका, आणि अंगावर काहीही ठेवायचं नाही. "फक्त हार तर आहेत" म्हणून त्यावर ठेवलेल्या पिशवीवर पुढे आणखी चार वस्तू येतात.

कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडला (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) कडक पेटी असेल तर उत्तमच. अ‍ॅडॉप्टर कीबोर्डच्या बॅगेत न ठेवता वायरींच्या पेटीत जातो आणि घोटाळा होतो. अ‍ॅडॉप्टर त्या-त्या वाद्याच्याच बॅगेत, वर वाद्याचं नाव लिहून. दिसायला सारखे असले तरी व्होल्टेज वेगळं असतं.

वायरी

इथे थोडा वेळ घालवा, कारण मंचावरचा बहुतेक गोंधळ इथेच होतो. वायर कोपर आणि पंजाभोवती गुंडाळायची नाही. त्याने आत पीळ बसतो, वायर कायमची वळते आणि पुढे आतली तार तुटते. एक वेढा नेहमीसारखा घ्या, दुसरा घेताना मनगट उलटं फिरवून वायर खालून आणा, पुन्हा एक सरळ, एक उलटा. पीळ एकमेकांना खोडतात. अशी वायर मंचावर एक टोक धरून फेकली की न गुंतता सरळ पसरते. पहिल्या दिवशी हात अडखळतात, नंतर सवय होते. वेढा झाला की वेल्क्रोची पट्टी लावा. इन्सुलेशन टेपने बांधलेली वायर चिकट होते.

पेटीत तीन कप्पे करा: माइकच्या एक्सएलआर (तीन पिनच्या गोल जोडाच्या) वायरी, वाद्यांच्या पाव इंची जॅकच्या वायरी, विजेच्या वायरी. वायरीच्या टोकाशी मीटरमध्ये लांबी लिहा. बंद पडलेल्या वायरीला तिथल्या तिथे गाठ मारायची आणि घरी आल्यावर बाजूला काढायची. "बघू नंतर" म्हणत ती परत पेटीत गेली की पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा तीच हातात येते. दोन डीआय बॉक्स (वाद्याची वायर साउंडच्या मिक्सरला जोडायचे डबे), टेस्टर, कात्री, सेल, इन्सुलेशन टेप, तीन पिनचं कन्व्हर्टर आणि लांब वायरीचा एक्स्टेंशन बोर्ड आपला असावा. सभागृहात प्लग मिळतो तो बऱ्याचदा मोठ्या १६ अँपिअरचा, आणि आपल्या अ‍ॅडॉप्टरची पिन असते छोटी.

गाडी भरताना

छोटा हत्ती असो की जीप, जड नग खाली आणि केबिनच्या बाजूला. नंतर पेटी, कीबोर्ड, स्टँड. तानपुरा आणि तबला शेवटी, किंवा माणसांच्याच गाडीत. पण इथे एक अपवाद: मंचावर जे सर्वांत आधी लागतं, म्हणजे बैठकीची चादर, एक्स्टेंशन आणि वायरींची पेटी, ते दाराशी हवं. नाहीतर सगळं सामान रस्त्यावर उतरवून मागची पेटी काढावी लागते.

उघड्या टेम्पोला ताडपत्री हवीच, आकाश निरभ्र असलं तरी. घाटात धूळ असते आणि पहाटे दव. दोरी हौद्याच्या कड्यांना अडकवा आणि वाद्यांवरून न घेता मजबूत पेट्यांवरून घ्या.

रेल्वे आणि विमान

रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीला माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं, सेकंड क्लासला ३५ किलो. डब्यात नेण्याच्या पेटीची मर्यादा साधारण १०० × ६० × २५ सेंटिमीटर, एसी थ्री टायरमध्ये त्याहूनही लहान. मोठे नग ब्रेकव्हॅनमध्ये बुक करावे लागतात. तिथे स्टँड आणि बॅनरच्या नळ्या द्या, वाद्यं देऊ नका.

विमानात तबल्याची हातोडी केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, ती चेक-इन सामानात टाका. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र उलट, केबिनमध्येच न्याव्या लागतात. तानपुऱ्याला फायबरची पेटी नसेल तर तो घरीच राहू द्या आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा न्या. जाणकार नाकं मुरडतील, पण फुटलेला भोपळा घेऊन उतरण्यापेक्षा ते परवडतं. परदेशी कार्यक्रम असेल आणि जुन्या तानपुऱ्याची घोडी हस्तिदंताची असेल, तर ते वाद्य सीमेवर अडकू शकतं, तेव्हा आधीच चौकशी करा.

पोहोचल्यावर

मंचावर जाण्याआधी विंगेत एक कोपरा आपला म्हणून ठरवा. रिकाम्या बॅगा, गवसण्या, खोळी सगळं तिथेच, आकडे दिसतील असं. सामान इथे-तिथे पसरलं की परतीचा हिशेब तिथेच बिघडतो. मग चादर, वीज, वायरी, आणि शेवटी वाद्यं, या क्रमाने. वाद्यं बाहेर काढून लगेच मिळवू नका. एसी सभागृहात किंवा उघड्या मैदानात त्यांना थोडा वेळ हवेशी जुळू द्या.

रात्रीची भरणी

मोकळ्या मैदानावर ध्वनिवर्धक रात्री १० ला बंद करावा लागतो. त्या मिनिटाला मंडपवाले खुर्च्या रचू लागतात, थोड्याच वेळात दिवेही उतरतात. नाट्यगृहात पुढच्या प्रयोगाची माणसं दारात उभी असतात. त्यातच रसिक मंचावर येतात, फोटो, सह्या, शाल-श्रीफळ. गायकांना तिथे राहू द्या, बाकीच्यांनी कामाला लागावं. प्रत्येकाकडे टॉर्च असावा, मोबाइलचा नको, कारण दोन्ही हात मोकळे लागतात. डोक्याला लावायचा मिळतो, स्वस्त असतो.

क्रम असा: आधी नाजूक वाद्यं बॅगेत आणि विंगेत. मग आपल्या वायरी, रंग बघून. साउंडवाल्याच्या पोराने घाईत आपली वायर त्याच्या पेटीत टाकली असेल तर वाद न घालता रंगाची पट्टी दाखवायची. मग स्टँड. सगळं उचलल्यावर एकाने रिकाम्या मंचावरून सावकाश एक फेरी मारायची: पडद्यामागचे प्लग, रायझरखालची (मंचावरच्या उंच चौथऱ्याखालची) जागा, मेकअप रूममधला चार्जर, गायकाच्या समोरची वही. भिंतीच्या प्लगमध्ये राहिलेला अ‍ॅडॉप्टर हा या धंद्यातला सर्वांत जास्त विसरला जाणारा प्राणी आहे.

गाडीत चढवताना एकाने दारात उभं राहून आकडे मोठ्याने म्हणायचे, दुसऱ्याने वहीत खूण करायची. नग पुरे झाल्याशिवाय चालकाला चला म्हणायचं नाही, जेवण गार होत असलं तरी.

दुसऱ्या दिवशी

सकाळी सगळ्या बॅगा उघडून हवा लागू द्या. घामाने, दवाने ओलसर झालेली चादर आणि गवसण्या वाळवा. तानपुऱ्याच्या तारा पुसून घ्या, पखवाजाचं तोंड पुन्हा एकदा बघा. गाठ मारलेल्या वायरी डाग देऊन दुरुस्त करा किंवा टाकून द्या. माइकमधले सेल काढा, वापरलेले नव्यांत मिसळू नका. जे संपलं, तुटलं, कमी पडलं ते त्याच दिवशी वहीत लिहा आणि पुढच्या कार्यक्रमाची तारीख लागायची वाट न बघता आणून पेटीत टाका.