मध्ययुगीन ढाबळीचे फोटो कसे काढावेत

कबुतरखाना म्हटलं की दादर आठवतं. पण तिथे २०२५ पर्यंत कबुतरांना दाणे मिळायचे, घर नाही. पाळलेल्या कबुतरांचं घर म्हणजे ढाबळ. इंग्लंडमध्ये वॉरिकशायरात, अल्सेस्टरजवळ किनवॉर्टनला १४व्या शतकातली गोल दगडी ढाबळ आहे. पिल्लांच्या मांसासाठी असल्या ढाबळी बांधत. ही आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. आतल्या भिंतीत पाचशेहून अधिक कोनाडे आहेत, आणि मधल्या खांबाभोवती फिरणारी शिडी, म्हणजे ‘पोटेन्स’, अजून जागेवर आहे. बाहेरून मात्र नुसती बुटकी गोल खोली दिसते. तेव्हा बाहेर दहा मिनिटं, आत तासभर, असा हिशोब ठेवा. उघडण्याच्या वेळा आधी पाहून जा.

बाहेर: लांब उभं राहून ७० ते १०० मिमी लेन्स लावा. जवळून वाइड लेन्सने वर रोखून काढलं की भिंती आत कललेल्या दिसतात. ऊन बाजूने येत असेल तेव्हाच भिंतीचा गोलावा कळतो. ढगाळ दिवशी ती कापून चिकटवल्यासारखी सपाट दिसते.

आत शिरताना वाका, दार बुटकं आहे. मास्क लावा, कारण वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना वाईट. कबुतरं असतील तर पाच मिनिटं गप्प उभे राहा. फ्लॅश नकोच: पक्षी बिथरून अंडी तशीच सोडून जातात, आणि समोरून पडलेल्या उजेडात कोनाड्यांची खोलीही नाहीशी होते.

मुख्य फोटो खालून वर काढायचा. १४ ते १६ मिमी लेन्स (फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर), कॅमेरा जमिनीवर उताणा, अगदी खांबाच्या बुडाशी. खांबाची रेघ मग सरळ छतातल्या झरोक्याकडे जाते. लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर हवाच, वरून काय पडेल सांगता येत नाही. पडलंच तर ओल्या फडक्याने टिपा, कोरडं घासलंत तर चरे पडतील. एफ/८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ १०० (उजेडाची संवेदनशीलता), आणि १/८, १/२, २, ८, ३० सेकंद असे पाच फोटो, ते नंतर सॉफ्टवेअरमध्ये एकात जोडायचे. प्रत्येक वेळी १० सेकंदांचा टायमर लावून दाराबाहेर व्हा, नाहीतर चौकटीच्या कडेला तुमचंच डोकं येतं. जोडताना झरोका सर्वांत कमी वेळेच्या फोटोतून घ्या. ८ सेकंदांत कबुतराने मान हलवली की त्याला दोन डोकी फुटतात, म्हणून पक्षी दिसेल तिथे १/२ सेकंदाचा फोटो वापरा.

कोनाड्यांच्या ओळींसाठी ट्रायपॉड छातीइतका उंच, कॅमेरा अगदी पातळीत. डोळ्यांच्या वरच्या ओळी वाटीसारख्या आणि खालच्या कमानीसारख्या वाकणारच, भिंतच गोल आहे. सॉफ्टवेअरने सरळ करत बसू नका. मधला खांब अर्धी भिंत झाकतो, तर एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने असे दोन फोटो काढा आणि वेगळेच ठेवा. शिडी परवानगीशिवाय फिरवू नका, लाकूड जुनं आहे.

दारातून गवताचा हिरवा उजेड आत येतो आणि भिंतीला शेवाळी छटा चढते. करडं कार्ड दाराजवळ न धरता कोनाड्यालगत धरून व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) घ्या, आणि दार अर्धं लोटलंत तर पुन्हा घ्या.